समर्थक मंडळाचा एकमुखी ठराव

१३ ऑक्टोबर, सोमवार

ज्या बाईला आपण कधी भेटलेलो नाही, जिने आपलं काहीही वाकडं केलेलं नाही, तिचा मोबाइलवरचा फोटो पाहून पोटात एकदम दुखायला लागावं, असं का होतं? दुपारी कालची कोलंबी खाल्ली होती. तूर्त तेच कारण धरून चालू.

रत्नसागर एफसीने नवा हेड कोच जाहीर केला. नाव शमिका आरेकर. वय एकतीस. गाव गुहागर. फोटोत मागे समुद्र, गळ्यात शिट्टी, केस कापलेले. आपल्या लीगमध्ये पुरुषांच्या टीमला बाई हेड कोच पहिल्यांदाच.

मला आनंद झाला. हे इथे नोंदवून ठेवते. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला मी वक्तृत्व स्पर्धेत म्हटलं होतं, की एक दिवस कोकणातली मुलगी मोठ्या टीमच्या बेंचवर बसेल आणि सगळं मैदान तिच्याकडे बघेल. नाव घेतलं नव्हतं. पण संदर्भ स्पष्ट होता. आईलासुद्धा कळला होता.

समर्थक मंडळाच्या ग्रुपवर संध्याकाळपर्यंत ३१४ मेसेज. निलेशने (मंडळाचा सेक्रेटरी, स्वतःचं गॅरेज आहे, मॅचला ढोल वाजवतो) ग्रुपचा डीपी काढून तिचा फोटो लावला. मंडळाच्या घटनेच्या कलम ९ प्रमाणे अध्यक्षांच्या परवानगीशिवाय डीपी बदलता येत नाही. अध्यक्ष मी आहे. घटनाही मीच लिहिली आहे, बावीस कलमं. निलेशला कलम पाठवलं. त्याने अंगठा पाठवला. डीपी तसाच.

१५ ऑक्टोबर, बुधवार

भूमिका स्पष्ट करून ठेवते. माझा शमिका आरेकर यांना विरोध नाही. विरोध पद्धतीला आहे. समर्थकांना कोणी विचारलं नाही.

मागचे कोच मिरांडा सर गोव्याचे होते. त्यांना मी दर गुरुवारी पत्र लिहायचे, आकृत्यांसह. एकूण ४७ पत्रं. उत्तर एकदा आलं: "थँक यू. गुड, गुड." त्यानंतरच्याच मॅचला त्यांनी तीन डिफेंडर खेळवले. पत्रात मी तीनच सांगितले होते. चौथ्याला कांजण्या आल्या होत्या असं लोक म्हणतात. लोक काहीही म्हणतात.

मागच्या सीझनला आपण दहा टीममध्ये नववे आलो. खेळाचा दर्जा पाहिला तर सहावे.

बाबांनी जेवताना विचारलं, की सानू, तू स्वतः कधी फुटबॉल खेळल्येस काय गो? मी म्हटलं, राज्यशास्त्र शिकायला आधी मंत्री व्हावं लागत नाही. बाबा म्हणाले, होय, तेपण खरंच. आणि बर्फाच्या कारखान्यात शिफ्टला गेले. आमच्या घरात पदवी मिळवणारी मी पहिली. मुद्देसूद बोललं की घरात पटतं.

२५ ऑक्टोबर, शनिवार

उद्या पहिली होम मॅच. गाऱ्हाणं मीच घालणार.

मॅचच्या आधी मैदानाच्या गेटवर नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालायचं, ही मंडळाची पहिल्या वर्षापासूनची रीत. आधी भागोजीकाका घालायचे. ते बंदरावर तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचे प्रमुख होते, आता रिटायर आहेत. गेल्या वर्षी त्यांचा घसा बसला तेव्हा मी सुरुवात केली, आणि घसा सुटल्यावरही चालू ठेवलं. त्यांच्या गाऱ्हाण्यात नुसतं "जिंकव रे म्हाराजा". मी त्यात आशय आणला. डावपेच, खेळाडूंच्या आहारातली प्रथिनं, पंचांची निष्पक्षता. दोन पानं होतात. प्रत्येक वाक्याला साठ माणसं एका आवाजात "व्हय म्हाराजा!" म्हणतात. अंगावर काटा येतो. इतक्या बारीक मुद्द्यांवर इतकी एकवाक्यता संसदेतही दिसत नाही.

पदवीला दीड वर्ष झालं. स्पर्धा परीक्षा दोनदा दिली. होईल. पण रविवारी साठ माणसं माझं ऐकतात, हे आजच्या घडीला माझ्याकडे आहे. ते कोणी घेऊ शकत नाही.

प्रश्न असा की नव्या कोचचं नाव गाऱ्हाण्यात घालायचं का. निलेश म्हणाला, घाल. भागोजीकाका म्हणाले, घाल गो बाय, पोर एकटी आलीय, देवाच्या कानावर घातलेली बरी. मी घालणार नाही. वैयक्तिक काही नाही. दुसरं पान भरलं आहे.

२६ ऑक्टोबर, रविवार. संध्याकाळी

गाऱ्हाण्याचा पहिला परिच्छेद चालू असताना गेट उघडलं आणि ती बाहेर आली. ढोल ऐकून आली म्हणे. बूट काढून बाजूला ठेवले, टोपी काढली, रांगेत सगळ्यांच्या मागे उभी राहिली आणि "व्हय म्हाराजा" म्हणाली. शेवटचा "जा" लांब ओढून, बरोबर आपल्याकडे ओढतात तसा. त्यानंतर माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. साठ माणसं माना वळवून उभी. दीड पान मी त्यांच्या कानांना वाचून दाखवलं.

नारळ फुटल्यावर तिने खोबऱ्याचा तुकडा मागून घेतला आणि म्हणाली, हा नारळ गुहागरचा नाय, मी पैज लावते. सगळे हसले. मीही हसले, ते नंतर लक्षात आलं.

प्रत्येकाशी हात मिळवला. मला म्हणाली, तुझा आवाज छान आहे गो.

आवाज. आशयाबद्दल एक शब्द नाही.

मॅच ०-०. लोक जिंकल्यासारखे नाचले. निलेशने घोषणा तयार केली: "आरेकर बाय आली, लाट वर गेली!" यमक आहे. बाकी काही नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

कोल्हापूरला जाऊन २-० जिंकलो. गॅरेजमधल्या टीव्हीवर पाहिली. दोन्ही गोल नशिबाचे. पहिला जास्त नशिबाचा.

संकल्प: आजपासून शमिका आरेकरचे इंटरव्ह्यू पाहणार नाही. तो वेळ अर्थशास्त्राच्या पेपरला.

४ नोव्हेंबर, मंगळवार

इंटरव्ह्यू चार पाहिले. अभ्यास म्हणून. बावीस मिनिटांत ती सतरा वेळा "आम्ही" म्हणते. "मी" एकदाही नाही. माणसाने इतकं नम्र असण्यात काहीतरी डाव असतो.

५ नोव्हेंबर, बुधवार

ऑफसाइड म्हणजे काय हे आईला मी तीन वर्षं सांगते आहे. वाटीचमचे मांडून सांगून झालं. आज ती शेजारच्या येसूबाईंना पायरीवर बसून सांगत होती, की शमिका पोरांना पुढे जाऊन का अडवायला लावते. बरोबर सांगत होती. मी आतून दोनदा खोकले.

दुपारी आईने तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं केलं. माझी सर्वात आवडती गोष्ट. एक मोठा डबा भरला आणि बाबांकडे दिला, कोच राहते ती जागा कारखान्याच्या रस्त्यालाच आहे म्हणून. मी विचारलं, एवढा? आई म्हणाली, तुला काय, रोजच मिळतं. ती घर सोडून राहिलीय, खानावळीचं खाते बिचारी.

बिचारी! टीम आहे, शिट्टी आहे, आता माझ्या तिसऱ्या पण आहेत.

९ नोव्हेंबर, रविवार

केस कापले. मार्चपासून मनात होतं. कोकणात दमट हवा असते, लांब केस वाळत नाहीत.

निलेश बघून म्हणाला, अगो, डिट्टो कोच! त्याला शास्त्रीय कारण समजावून सांगितलं. तो म्हणाला, तेच म्हणतोय मी, कोचलापण दमट हवाच लागते ना.

१६ नोव्हेंबर, रविवार

१-० जिंकलो. लीगमध्ये तिसरे. मला कोणी विचारलं तर आनंदच आहे.

ग्रुपमध्ये आता २०५ लोक. चिपळूणचे, गुहागरचे, दोन तर दुबईचे. यातल्या कोणीही घटना वाचलेली नाही. मी मॅचचं विश्लेषण टाकलं, अकराशे शब्द. दोन अंगठे आले, त्यातला एक बाबांचा. त्याच्या खाली कोणीतरी शमिका बाबूच्या गाडीवर वडापाव खातानाचा फोटो टाकला. ९६ बदाम.

बाबूने गाडीवर पाटी लावली आहे: "आमचे येथे कोचबाई खातात." मी तिथे चार वर्षं खाते आहे. बाबूला तसं म्हटलं. तो म्हणाला, मग तुझीपण लावतो, पण तू टीमची कोण म्हणून लिहू?

अध्यक्ष, असं सांगितलं. तो म्हणाला, कसली?

२३ नोव्हेंबर, रविवार

पुण्यात ०-४ हरलो.

वाईट वाटलं. खूप. गॅरेजवरून घरी येताना मी गुणगुणत होते असं आई म्हणते. सवय असते माणसाला.

चारही गोल आपल्या डाव्या बाजूने झाले. डावा डिफेंडर गौरव पुढे धावतो आणि त्याच्या मागे मोकळं रान राहतं. मला हे दुसऱ्या मॅचपासून दिसत होतं. सांगणार कोणाला? मिरांडा सर असते तर पत्र लिहिलं असतं. नव्या बाईंना पत्र लिहिणं म्हणजे त्यांची नेमणूक मान्य करण्यासारखं आहे.

मॅच संपल्यावरही गॅरेजमध्ये सगळे टीव्हीसमोरच बसून होते. मी म्हटलं, हीच वेळ आहे विचार करायची. भागोजीकाका म्हणाले, एक दिवस जाळं रिकामं आलं म्हणून कोण होडी पेटवत नाय. टाळ्या पडल्या. हा भावनिक युक्तिवाद आहे. लोकांच्या मनात काय आहे ते वेगळं असतं. बोलायचं धाडस नसतं. त्यांना कोणीतरी योग्य व्यासपीठ द्यावं लागतं.

व्यासपीठ माझ्याकडे आहे.

२९ नोव्हेंबर, शनिवार

गाऱ्हाणं नव्याने लिहिलं. तीन मसुदे झाले. भाषा सभ्य ठेवली आहे. मला तिचं वाईट व्हायला नको आहे. तिने फक्त गुहागरला असावं.

३० नोव्हेंबर, रविवार. सायंकाळी ७

ऐतिहासिक दिवस.

गेटवर मी मोजले, १२२ माणसं. मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं. सुरुवात नेहमीची केली. मग म्हटलं, बा देवा म्हाराजा, आमची डावी बाजू उघडी पडते, गौरव पुढे गेला की मागे कोणी उरत नाय, ती बाजू झाक रे म्हाराजा. व्हय म्हाराजा! या टीमला अनुभवी आणि समर्थकांना विचारणारं नेतृत्व मिळू दे रे म्हाराजा. व्हय म्हाराजा! मग एक श्वास घेतला. आणि आत्ताच्या हेड कोचला सन्मानाने आपल्या गावी परत पाठव रे म्हाराजा.

मी कागद खाली केला.

व्हय म्हाराजा!!

तेवढ्याच जोरात. निलेशचा आवाज सगळ्यांच्या वर, वरून ढोलाचा ठोका. एकाही माणसाने मान हलवली नाही, कुजबुज केली नाही. म्हणजे इतके दिवस हे सगळे मनात धरून बसले होते. डोळ्यात पाणी आलं. लोक आपल्याला वाटतात त्याहून शहाणे असतात.

मॅच २-१ जिंकलो. अपवाद.

घरी येऊन ठराव टाइप केला. "समर्थक मंडळाची सर्वसाधारण सभा. उपस्थित १२२. अनुकूल १२२. प्रतिकूल शून्य. तटस्थ शून्य." क्लबच्या चेअरमनना ईमेल. सोबत रेकॉर्डिंग. प्रत माहितीसाठी इथल्या वर्तमानपत्राला.

२ डिसेंबर, मंगळवार

पान चार, खाली डावीकडे: "समर्थकांचीच मागणी: कोच बदला". माझं नाव अध्यक्ष म्हणून छापलं आहे. पेपरात नाव येणारीही घरात मीच पहिली.

बाबा मोठ्याने एकेक शब्द जोडून वाचतात. "मागणी"पर्यंत आले आणि थांबले. पेपरची घडी केली, जेवणाच्या डब्याखाली ठेवली आणि कामावर गेले. डबा विसरले.

आईने विचारलं, तू केलंस हे? मी म्हटलं, मी नाही, जनतेने केलं. आई म्हणाली, जनता म्हणजे कोण गो? घर दाखव मला तिचं, मी जाऊन विचारते.

ग्रुपवर ५१२ मेसेज. आधी पेपरवाल्याला शिव्या. खोटी बातमी म्हणे. शेवटी मीच लिहिलं, की बातमी खरी आहे, ठराव आपलाच आहे, धीर सोडू नका. त्यानंतर अकरा मिनिटं ग्रुपवर काहीच आलं नाही. एवढी शांतता या ग्रुपने कधी पाहिली नव्हती.

मग निलेशचा मेसेज: उद्या पाचला गॅरेजवर ये.

सत्काराचं वातावरण दिसत नाही. पण मुद्दे तयार ठेवते.

३ डिसेंबर, बुधवार

सगळं लिहिणार आहे. स्वतःशी प्रामाणिक राहायचं असेल तर लिहायला हवं.

तीसेक जण होते. टायरांवर बसलेले. निलेश म्हणाला, आम्ही कोचला हटवा असं कधी म्हटलं ते सांग. मी शांतपणे रेकॉर्डिंग लावलं. माझा आवाज स्वच्छ आला. सन्मानाने आपल्या गावी परत पाठव. आणि मग एकशे बावीस माणसं: व्हय म्हाराजा.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. बाबू म्हणाला, आयला, हे आपण म्हटलं?

मी म्हटलं, तू दुसऱ्या रांगेत होतास, बाबू. तो म्हणाला, होतो ना, पण मी नारळाकडे बघत होतो, मागच्या वेळी माझ्यापर्यंत तुकडा पोचलाच नव्हता. त्याच्या मागचा म्हणाला, मी तर ढोलाच्या काठीवर लक्ष ठेवतो, काठी वर गेली की व्हय. आणखी एक म्हणाला, मी बाजूवाल्याचं ऐकून म्हणतो. बाजूवाला म्हणाला, आणि मी तुझं.

मी विचारलं, आणि गेल्या वर्षीचं? पंचांची निष्पक्षता? प्रथिनं? कोणालातरी एक ओळ आठवते का?

कोणाला आठवेना. निलेश आवाज खाली आणून बोलला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, अगो सानिका, तू दोन पानं वाचतेस, आवाज चांगला लागतो, गावात आल्यासारखं वाटतं. तू थांबलीस की आम्ही व्हय म्हणतो. त्यात ऐकायचं काय असतं?

मी तरी हार मानली नाही. म्हटलं, संमती ही संमतीच असते. उच्चारलेल्या शब्दाला जबाबदारी असते. नाहीतर लोकशाहीला अर्थ काय?

तेव्हा भागोजीकाका उठले. टोपी सरळ केली. हात जोडले, डोळे मिटले आणि त्यांच्या त्या जुन्या, बंदरावरून होडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, बा देवा म्हाराजा, ह्या निलेशचा गॅरेज उद्याच्या भरतीला समुद्रात बुडू दे रे म्हाराजा!

व्हय म्हाराजा!

सगळे. एका दमात. निलेश सगळ्यात जोरात.

मग कोणाच्या तरी लक्षात आलं. असा हशा झाला की कोपऱ्यातली टायरांची थप्पी कलंडली. भागोजीकाका मला म्हणाले, झाला गो ठराव, आता टाइप कर आणि पाठव पेपराक. मग निलेशचा चेहरा बघून त्यांनी घाईघाईने देवाची माफी मागितली आणि शब्द मागे घेतला.

व्हय म्हाराजा मीही म्हटलं होतं. नोंदीत ते सुटायला नको.

चेअरमनना नवीन पत्र लिहिलं: कोचबाईंवर आमचा पूर्ण विश्वास आहे, आधीचा ठराव गैरसमजातून. सगळ्यांनी सह्या केल्या. पहिली सही माझी घेतली. दोन ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ चुकलं होतं, ते मी दुरुस्त केलं.

५ डिसेंबर, शुक्रवार

कलम १४ प्रमाणे अध्यक्षांना साध्या बहुमताने काढता येतं. काढलं. कलम मीच लिहिलं होतं. स्पष्ट, निःसंदिग्ध कलम आहे. हात वर करून मतदान घेतलं, यावेळी प्रत्येकाला नाव घेऊन विचारलं. ही सुधारणा मीच सुचवली.

आता अध्यक्ष निलेश. गाऱ्हाणं पुन्हा भागोजीकाकांकडे.

रविवारी काय करायचं असतं ते आठवत नाही.

८ डिसेंबर, सोमवार

दुपारी चारला ती घरी आली.

आईचा डबा परत करायला. रिकामा नाही, रिकामा डबा परत देत नाहीत. नारळाच्या वड्या भरल्या होत्या, गुहागरहून तिच्या आईने पाठवलेल्या. आई इतकी ओशाळली की तिने चहा केला, तो पिऊन होताच पुन्हा एकदा केला. बाबा आतल्या खोलीत जाऊन शर्ट बदलून आले.

मी दाराआड उभी होते. अभ्यास करत.

पेपरचा विषय तिनेच काढला. म्हणाली, बातमीचं काय नाय, पण फोटो कुठला छापला तो, मी त्यात शिंकतेय. आई हसली. बाबा हसले. मला बाहेर यावं लागलं.

मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, त्या रविवारी मी गेटच्या आतच उभी होते. तुझं गाऱ्हाणं पहिल्यापासून ऐकलं. शेवटच्याला व्हय म्हटलं नाय, ते माफ कर. पण डाव्या बाजूला मोठ्याने म्हटलं. तो मुद्दा बरोबर होता. आमचा व्हिडिओवाला आठवडाभर तेच सांगत होता, मला पटत नव्हतं. तुझं ऐकून आत गेले आणि गौरवला मागे ठेवला. म्हणून तर दोन-एक.

आईने माझ्याकडे बघितलं. बाबांनी बघितलं.

एकशे बावीस माणसं बाहेर. त्यात ऐकणारं एकही नाही. ऐकणारं एकच माणूस, आणि ते गेटच्या आत, आणि ते नेमकं हे.

तिच्याबद्दल इतका राग मला याआधी कधी आला नव्हता. पण तो काढायला जागा सापडेना.

ती म्हणाली, तुला डोळा आहे. कुठल्या पोझिशनला खेळायचीस?

मी म्हटलं, सध्या निरीक्षणावर भर आहे. बाबा म्हणाले, ती कधी खेळलीच नाय. वाटलं आता हसेल. हसली असती तर मी तिला कायमची नापसंत करून मोकळी झाले असते. ती हसली नाही. म्हणाली, रविवारी सकाळी सातला मी मुलींना शिकवते, मागच्या छोट्या मैदानावर. ये.

गेल्यावर आईने एक वडी माझ्या हातावर ठेवली. चांगली होती. नारळ खरंच गुहागरचा वेगळा असतो.

रात्री जेवताना विचार केला. तिला माझ्या विश्लेषणाची गरज आहे हे उघड आहे. सरळ मागायला संकोच वाटला असेल. हेड कोचला असे मान-अपमान असतात. वेळ नाही म्हणून कळवावं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

कळवलं नाही. नंबर नाही माझ्याकडे. निलेशकडे आहे, पण त्याला मागणार नाही.

बाजारात गेले होते. आईला सुई हवी होती. सुई मिळाली नाही. फुटबॉलचे बूट घेतले, पाच नंबर. बूट घरात असलेले बरे.

१४ डिसेंबर, रविवार

सकाळी उठले तर पावणेसहा वाजले होते. निरीक्षणासाठी जाऊन यायला हरकत नव्हती.

मुली सतरा. सगळ्यात मोठी सातवीत. रांगेत उंचीप्रमाणे उभं केलं, मी शेवटची. नावं विचारली तेव्हा बाकीच्या म्हणाल्या चौथी ब, सहावी अ. मी म्हटलं, बी.ए.

पहिल्या लाथेला बॉल जागेवर राहिला आणि मी पुढे गेले. दुसऱ्या लाथेला बॉल गेला, कुंपणापलीकडे, कोणाच्या तरी काजूत. तिसरीच्या आधी शमिकाने लांबून ओरडून सांगितलं, अगो, बॉलकडे बघ, माझ्याकडे काय बघतेस!

मी तिच्याकडे बघत नव्हते. ती पाय न बघता, बोलता बोलता पास देते, आणि तो बरोबर जिथे द्यायचा तिथे जातो, ते कसं जातं ते बघत होते. ते मला येत नाही. सत्तेचाळीस पत्रांत ते कुठेच नव्हतं.

तिसरी लाथ बरी बसली. डावा अंगठा सुजला आहे. मी उजव्या पायाने मारत होते, त्यामुळे हे कसं झालं ते कळत नाही.

पुढच्या रविवारी जायचं की नाही, यावर आत्ता साधकबाधक विचार करायला बसले होते. पण सकाळी तास संपल्यावर तिने वही पुढे केली, आणि सतरा नावांच्या खाली मी अठरावं लिहून, मे महिन्यापर्यंत, पेनने सही करून आले आहे. बुटांनाही लाल माती लागली. दुकानदार आता परत घेणार नाही.